चुकीच्या गुन्ह्याची फाशी

बर्लिनच्या प्ल्योत्झेन्झे तुरुंगात 21 मार्च 1945 रोजी आर्थर नेबे याला फाशी दिल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. वय 50. जर्मनीच्या सगळ्या गुन्हे अन्वेषण पोलिसांचा, म्हणजे ‘क्रिपो’चा, तो सात वर्षं प्रमुख होता; एस.एस.मध्ये ग्रुपेनफ्युरर, पोलिसात लेफ्टनंट जनरल. 1941 मध्ये जूनअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत बेलारूस आणि पश्चिम रशियात त्याच्या हुकमतीखालच्या पथकाने 45,467 माणसं मारली. हा आकडा कुठल्या फिर्यादी पक्षाने काढलेला नाही. पथकानेच तो नोव्हेंबरच्या मध्यावर बर्लिनला कळवला होता, एकम स्थानच्या सातापर्यंत हिशेब जुळवून. फाशीचा या आकड्याशी काहीएक संबंध नव्हता. नेबेला मारलं ते हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल, आणि मारणारे नाझीच होते.

या पुस्तकाचा विषय हा असा आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने गुंता सोडवायचा नसतो, धागे कुठून कुठे जातात तेवढं दाखवलं की भागतं. तरी माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला हवं तर तो वजा करून पुढे जाता येईल. नेबेच्या पोटात दोन माणसं होती, एक खुनी आणि एक बंडखोर, आणि दोघांची आयुष्यभर झुंज चालली होती, असं चित्र युद्धानंतर त्याच्या मित्रांनी रंगवलं. मला ते पटत नाही. माणूस एकच होता. कामात चोख, वरिष्ठांना काय हवंय ते त्यांनी सांगायच्या आत ओळखणारा, बढतीसाठी आसुसलेला आणि छप्पर कोसळायला आलंय हे इतरांच्या आधी कळणारा.

नाझींविषयी आपल्याकडे कुतूहलाला तोटा नाही. हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडेही मिळतं, आणि त्यातून ‘शिस्त’ शिकायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. हिमलर, गोबेल्स, गेस्टापो ही नावं तोंडात बसलेली. क्रिपो मात्र कोणाच्या गावी नसते. गेस्टापो माणसाच्या मतांच्या मागे लागायची, क्रिपो चोर-दरोडेखोरांच्या. आणि चोर पकडणाऱ्यावर कोण कशाला संशय घेईल? जर्मनीतही युद्धानंतर कित्येक दशकं हीच समजूत चालली. ती चालवण्यात ज्यांचा हात होता, त्यांच्याकडे शेवटी वळू.

नेबेचा जन्म बर्लिनचाच, 13 नोव्हेंबर 1894 चा. वडील शाळामास्तर. पहिल्या महायुद्धात हा आपणहून भरती झाला आणि दोनदा विषारी वायूच्या तडाख्यात सापडून वाचला. वायूचा हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. 1920 मध्ये तो बर्लिनच्या क्रिपोत दाखल झाला.

त्या काळची बर्लिनची क्रिपो ही साधीसुधी गुन्हे शाखा नव्हती. आलेक्झांडरप्लाट्झवरच्या लाल विटांच्या अवाढव्य कचेरीत एर्न्स्ट गेनाट हा तसाच अवाढव्य, केकचा शौकीन अधिकारी खुनाच्या तपासाचं शास्त्र उभं करत होता. घटनास्थळी कशालाही हात लावायचा नाही, मृतदेह हलवायचा नाही, प्रत्येक खुनाची फाईल जपून ठेवायची: आज कुठल्याही ठाण्यातल्या हवालदाराला पाठ असलेले हे नियम गेनाटला आपल्या माणसांच्या गळी उतरवावे लागले. खुनाच्या जागी न्यायला त्याने खास मोटार करून घेतली होती. घडीचं टेबल आणि टाइपरायटर तिच्यातच असायचे, पंचनामा जागच्या जागी टंकून होई. खात्याचे उपायुक्त होते डॉ. बेर्नहार्ड वाइस, ज्यू, कायदेपंडित, महायुद्धात पदक मिळवलेले. गोबेल्स आपल्या वर्तमानपत्रातून वर्षानुवर्षं त्यांना एका टिंगलीच्या नावाने हिणवत राहिला. वाइस कोर्टात जात, बहुतेक खटले जिंकत, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव पुन्हा छापून येई. 20 जुलै 1932 रोजी केंद्र सरकारने प्रशियाचं सरकारच बरखास्त केलं, तेव्हा वाइस यांनाही कचेरीतून उचलून नेण्यात आलं. पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडून पळावं लागलं. (20 जुलै या तारखेशी पुन्हा गाठ पडणार आहे.)

या वाइस यांच्या हाताखाली काम करत असतानाच, 1931 मध्ये, नेबे नाझी पक्षात आणि एस.एस.मध्ये गेला. प्रशियात तेव्हा सरकारी नोकराला या पक्षाचं सभासद व्हायला मनाई होती. म्हणजे नव्या वाटेवरचं पहिलं पाऊलच नियम मोडून पडलं होतं. तो कट्टर विचारवंत होता याला फारसा पुरावा नाही. हाताशी हुन्नर असलेल्या, पण बढतीच्या रांगेत अडकलेल्या अधिकाऱ्याला पुढे कोणाचं राज्य येणार याचा वास लागला होता, आणि त्याने रांग बदलली. बर्लिनच्या एस.एस.चा म्होरक्या कुर्ट डालुगे याच्याशी त्याचं सूत जमलं. पोलीस खात्यातल्या खबरा पक्षाकडे जाऊ लागल्या.

1933 नंतरची चढण झपाट्याने सांगून टाकण्यासारखी आहे, कारण तिच्यात नवल काही नाही. थोडा काळ नव्या गेस्टापोत. 1935 मध्ये प्रशियाच्या क्रिपोचा प्रमुख. 1936 मध्ये हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचा सर्वेसर्वा झाला आणि त्याचा उजवा हात हाइड्रिख याच्या ताब्यात गेस्टापो आणि क्रिपो दोन्ही आल्या. 1937 मध्ये राष्ट्रीय गुन्हे पोलीस कार्यालय स्थापन झालं, त्याच्या खुर्चीत नेबे. युद्ध सुरू झाल्यावर हेच कार्यालय हिमलरच्या सुरक्षा मुख्यालयाचा पाचवा विभाग बनलं. गेस्टापो चौथा विभाग. दोन्ही एकाच छपराखाली, एकाच साहेबाच्या सहीने चालणारे. राजकारणाशी आपला संबंध नव्हता असं म्हणणाऱ्या क्रिपोच्या अधिकाऱ्यांनी ही विभागांची यादी तेवढी कधी दाखवली नाही.

मला यातला खरा महत्त्वाचा भाग 1937 आणि 1938 चा वाटतो. कारण तेव्हा युद्ध नव्हतं, पूर्व आघाडी नव्हती, ‘हुकूम होता, काय करणार’ ही सबब नव्हती. 1920 च्या दशकातच रोबर्ट हाइन्डल या गुन्हेशास्त्रज्ञाने मांडलं होतं की बहुतेक गुन्हे मूठभर सराईत लोक करतात, तेव्हा त्या मूठभरांना कायमचं आत टाका, समाज निर्धास्त होईल. विचार दिसायला बिनतोड. पोलिसांना तो आवडला यात आश्चर्य नाही. मार्च 1937 मध्ये हिमलरने हुकूम सोडला आणि ठाण्याठाण्यांतून मागवलेल्या याद्यांवरून सुमारे 2,000 सराईत गुन्हेगार उचलून थेट छळछावण्यांत धाडण्यात आले. त्यांच्यावर नवा गुन्हा नव्हता, खटला नव्हता, मुदत नव्हती. डिसेंबरात या प्रतिबंधक अटकेचा देशभरासाठी रीतसर नियम झाला. जून 1938 मध्ये ‘कामचुकार’ ठरवलेल्यांची धरपकड झाली: भिकारी, भटके, दारुडे, नोकरी सोडलेले, किरकोळ शिक्षा भोगलेले ज्यू, रोमा आणि सिंती. दहा हजारांहून जास्त. छावणीत सराईतांच्या छातीवर हिरवा त्रिकोण आणि ‘असामाजिक’ ठरलेल्यांच्या छातीवर काळा. गुन्ह्याचे आकडे खाली आले की श्रेय क्रिपोला. नेबेचा हुद्दा या काळात वाढतच गेला.

माणसाने काय केलं ते न बघता तो पुढे काय करील हे त्याच्या जातकुळीवरून ठरवायचं, ही कल्पना नाझींच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ब्रिटिशांनी 1871 मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला तो याच समजुतीवर. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण त्याच समजुतीतून उभं राहिलं, आणि कायदा रद्द व्हायला 1952 उजाडावं लागलं. सेटलमेंट आणि छळछावणी यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण हजेरी, शिक्का आणि ‘तुमच्या रक्तातच आहे’ हे ऐकत वाढलेल्या पारधी किंवा कैकाडी घरातला वाचक या पुस्तकातलं रोमांचं प्रकरण माझ्यापेक्षा लवकर समजेल. रोमा आणि सिंती यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून निघालेले. जर्मनीत त्यांची नोंद, मोजमाप आणि वंशवर्गवारी हे काम गेस्टापोकडे नव्हतं, क्रिपोकडे होतं. ऑक्टोबर 1939 मध्ये ज्यूंना पोलंडकडे नेणाऱ्या पहिल्या गाड्या सुटण्याच्या बेतात असताना नेबेने त्या गाड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमनकडे विचारणा केली, बर्लिनचे ‘जिप्सी’ केव्हा पाठवता येतील? उत्तर आलं की सगळ्यांत सोपं म्हणजे त्या गाड्यांनाच काही डबे जोडावेत. त्या वेळी ते फारसं तडीस गेलं नाही. 1943 मध्ये गेलं. हिमलरच्या डिसेंबर 1942 च्या हुकमावरून क्रिपोच्या याद्या बाहेर निघाल्या आणि आउशविट्झ-बिर्केनाउच्या रोमा विभागात सुमारे 23,000 माणसं कोंबली गेली. त्यातली बहुतेक परत आली नाहीत.

इथे एल्सरची गोष्ट सांगायला हवी, कारण नेबे हा खरोखरच पोलीस होता, नुसता वर्दीतला राजकारणी नव्हता, हे तिच्यातून कळतं. 8 नोव्हेंबर 1939 रोजी म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरचं भाषण संपून तो निघून गेला आणि 13 मिनिटांनी व्यासपीठामागच्या खांबातला बॉम्ब फुटला. आठ माणसं मेली. तपासाची सूत्रं नेबेकडे. गेओर्ग एल्सर हा सुतार त्याच संध्याकाळी स्वित्झर्लंडच्या हद्दीवर सापडला होता, पण त्याच्यावर कोणाचा विशेष संशय नव्हता. खांबातली पोकळी जमिनीलगत होती; जो कोणी ती कोरत बसला असेल तो रात्री-रात्री गुडघ्यांवर बसला असणार. एल्सरला विजार वर करायला सांगितली. दोन्ही गुडघे सुजून चिघळलेले. गेनाटच्या शाळेतला हा तपास. मुद्देमालाकडून माणसाकडे जाणारा. यामागे ब्रिटिश गुप्तहेर आहेत हे हिटलरला हवं होतं, तर कागद सांगत होते की या सुताराने सगळं एकट्याने केलं. पाच वर्षांनी नेबे ज्या कटात गेला त्यात सेनापती होते, राजदूत होते, सरदार घराणी होती. या एकट्या सुताराला पकडून देणाऱ्या खात्याचा प्रमुख त्यांच्यात बसलेला होता. एल्सरला 9 एप्रिल 1945 रोजी डाखाउमध्ये गोळी घातली, नेबेच्या फाशीनंतर तीन आठवड्यांच्या आत.

त्याच हिवाळ्यात क्रिपोच्या तांत्रिक प्रयोगशाळेला एक वेगळं काम आलं. मनोरुग्ण आणि अपंग माणसं मोठ्या संख्येने मारायची तर कशाने? प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ आल्बर्ट विडमन याने कार्बन मोनॉक्साइड सुचवला. जानेवारी 1940 मध्ये ब्रान्डेनबुर्गच्या जुन्या तुरुंगात त्याची चाचणी झाली. पुढे वायूच्या टाक्यांची खरेदी क्रिपोच्या नावावर होत राहिली, कारण मारणाऱ्या खात्याचं नाव कागदावर यायला नको होतं. ऑगस्ट 1941 पर्यंत सहा केंद्रांत 70 हजारांवर माणसं अशी गेली. विष ओळखून खुनी शोधावा म्हणून काढलेली ही प्रयोगशाळा. तिचा उपयोग फिरवायला वेगळी माणसं आणावी लागली नाहीत. तीच माणसं होती, तेच पगार, तीच टेबलं.

आता मिन्स्क. जून 1941 मध्ये रशियावर स्वारी झाली तेव्हा सैन्याच्या पाठोपाठ चार मारेकरी पथकं गेली. ‘ब’ पथकाचा प्रमुख नेबे. तो स्वतःहून तयार झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. हाइड्रिखने गळ घातली आणि नाही म्हणणं धोक्याचं होतं, असं मित्रांचं म्हणणं. जुलैच्या अखेरीला बर्लिनमध्ये पाउल ओगोर्झो या रेल्वे कर्मचाऱ्याचा शिरच्छेद झाला. लोकलगाड्यांच्या आसपास आठ बायकांचा खून केलेला, नाझी पक्षाचाच सभासद असलेला हा माणूस क्रिपोने चिकाटीने शोधून काढला होता. त्याच दिवसांत क्रिपोचा प्रमुख मिन्स्कमध्ये होता आणि त्याची माणसं दिवसाकाठी कित्येक पट बळी घेऊन रात्री अहवाल टंकत होती. या दोन गोष्टी पंचांगात शेजारी शेजारी आहेत, त्यावर भाष्य करायची मला गरज वाटत नाही.

15 ऑगस्टला हिमलर मिन्स्कला आला. शंभराच्या आसपास माणसांना त्याच्यासमोर गोळ्या घालण्यात आल्या. हिमलरचा रंग उडाला, असं हजर असलेल्या बाख-झेलेव्स्की या एस.एस. सेनाधिकाऱ्याने नंतर सांगितलं. मग हिमलरने जवळच्या मनोरुग्णालयाला भेट दिली आणि नेबेला म्हणाला की गोळ्यांपेक्षा बरी पद्धत शोध. बरी कोणासाठी, हे नीट समजून घ्यायला हवं: मारणाऱ्यांसाठी. नेबेने विडमनला बर्लिनहून बोलावून घेतलं. येताना स्फोटकं आणि धातूच्या लवचीक नळ्या आणायला सांगितलं. मिन्स्कजवळ एका खंदकात मनोरुग्णांना कोंडून स्फोटकांचा प्रयोग झाला. तो इतका बीभत्स ठरला की पुन्हा केला नाही. मोगिलेव्हच्या इस्पितळात एक खोली विटांनी बुजवून बंद केली, भिंतीतून नळी आत घेतली आणि बाहेर मोटार सुरू करून ठेवली. काही मिनिटं गेली तरी आतली माणसं जिवंतच होती. मोटारीचा धूर कमी पडतोय हे पाहून दुसरी, मोठी गाडी आणून जोडली. विडमनने हे सगळं पुढे न्यायालयात सांगितलं. नेबेला ही कल्पना स्वतःच्या गॅरेजमध्ये दारूच्या नशेत इंजिन चालू ठेवून झोप लागल्यामुळे सुचली, अशी एक गोष्ट सहकारी सांगत असत. खरी असो वा खोटी, पहिल्या महायुद्धात दोनदा वायूतून वाचलेल्या माणसाबद्दल ती सांगितली जात होती. मोगिलेव्हच्या प्रयोगाची म्हणून ओळखली जाणारी फिल्म युद्धानंतर त्याच्या बर्लिनमधल्या घरातून मिळाली. पुढे साक्सेनहाउझेनमध्ये बंदिस्त मालमोटारींची चाचणी झाली आणि त्या मोटारी पूर्वेकडच्या रस्त्यांवर धावू लागल्या.

सप्टेंबरच्या अखेरीस मोगिलेव्हलाच सैन्याने गनिमांशी लढण्याचा एक अभ्यासवर्ग भरवला. बोलावणारा फॉन शेन्केनडॉर्फ हा जुन्या वळणाचा सेनापती. वक्त्यांमध्ये नेबे, विषय, गनिमी चळवळीच्या संदर्भात ज्यूंचा प्रश्न. गनीम आणि ज्यू एकच, हे समीकरण इथे सैन्याच्या अधिकाऱ्यांना शिकवलं गेलं. आकडे फुगवून बर्लिनच्या डोळ्यांत धूळ फेकायची आणि प्रत्यक्षात माणसं वाचवायची, असं नेबे करत होता, हा मित्रांचा बचाव मला याच ठिकाणी कोसळलेला दिसतो. आकडे फुगवणारा माणूस व्याख्यानं देत फिरत नाही. क्रिस्टियान गेरलाख यांच्यासारख्या इतिहासकारांनी इतर कागदांशी ताडून पाहिल्यावर आकडे फुगवल्याची कहाणी उभी राहत नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

नोव्हेंबरात नेबे बर्लिनला परतला. खचलेला होता, झोप उडाली होती, असं सांगतात. मी ते खोटं म्हणणार नाही. खचूनही माणूस कामावर जातो. जून 1942 मध्ये हाइड्रिख प्रागच्या हल्ल्यात जखमी होऊन मेला, आणि त्याच्या नावावर असलेली एक खुर्ची नेबेकडे आली: आंतरराष्ट्रीय गुन्हे पोलीस आयोगाचं अध्यक्षपद. आज आपण ज्या संस्थेला इंटरपोल म्हणतो तिचाच हा पूर्वावतार, जो नाझींनी व्हिएन्नाहून उचलून बर्लिनला आणला होता.

मार्च 1944 मध्ये सागानच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून 76 वैमानिक भुयारातून निसटले. हॉलिवूडने त्याच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे भुयार सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं टेबल कमी लोकांना माहीत आहे. 73 जण पुन्हा पकडले गेले. पन्नास मारायचे असा हिमलरकडून हुकूम. कोणते पन्नास, हे नेबेने ठरवायचं. त्याच्यासमोर कैद्यांची कार्डं ठेवली होती. एका अधिकाऱ्याने नंतर दिलेल्या साक्षीप्रमाणे नेबे एकेक कार्ड उचलून बघत होता, वय वाचत होता, बायको आहे का, मुलं आहेत का पाहत होता. एक गठ्ठा इकडे, एक तिकडे. कोणी फार तरुण म्हणून वाचला, कोणी लेकुरवाळा म्हणून. उरलेल्यांना रस्त्याच्या कडेला एकेकट्याने किंवा लहान गटांत उतरवून पाठीत गोळ्या घातल्या आणि ‘पळताना मारले’ असा शेरा मारला. हे प्रकरण वाचताना कार्डं उलटणारे ते हात मला मिन्स्कच्या आकड्यापेक्षा जास्त छळतात. त्या वेळी हा माणूस वर्षानुवर्षं कटवाल्यांच्या संपर्कात होता. 1938 पासून लष्करी गुप्तचर खात्यातल्या ओस्टरच्या गटाला तो गेस्टापोच्या आतल्या बातम्या पुरवत होता, आणि त्या खऱ्या असत. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच टेबलावरून.

आणखी एक कागद आहे, न्यूरेंबर्गच्या डॉक्टर खटल्यात पुढे आलेला. समुद्राचं पाणी पिऊन माणूस किती टिकतो याचे प्रयोग कोणावर करावेत, यावर 28 जून 1944 च्या पत्रात नेबेचं मत नोंदलेलं आहे: आउशविट्झमधले मिश्र रक्ताचे जिप्सी वापरावेत. पुढे तीन आठवडे आणि एक दिवस गेला आणि 20 जुलै उजाडला.

त्या दिवशी हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब फुटला की क्रिपोतली विश्वासू माणसं घेऊन नेबेने नाझी पुढाऱ्यांना पकडायचं आणि हिमलरचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं. तो तयार होता. इशारा काही आला नाही. हिटलर वाचला, रात्री उशिरा बर्लिनमधलं बंड संपलं, आणि मग जे झालं ते एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं. बॉम्बचा तपास करायला तातडीने क्रिपोचे तज्ज्ञ धाडले गेले. म्हणजे कटवाल्यांचा माग काढणाऱ्या पथकाचा साहेब स्वतः कटवाला. चार दिवस तो कचेरीत येत होता. 24 जुलैला नाहीसा झाला. ऑगस्टमध्ये बर्लिनचा पोलीस आयुक्त काउंट हेलडॉर्फ फासावर गेला. हा आणखी एक नमुना: 1938 मध्ये श्रीमंत ज्यूंचे पासपोर्ट अडवून खंडणी उकळणारा, नंतर कटात. नेबे जानेवारी 1945 पर्यंत ओळखीच्यांकडे लपत राहिला. त्याच्यावर मोठं इनाम होतं. अखेर पूर्वी क्रिपोतच काम केलेल्या एका महिला अधिकाऱ्याने त्याचा ठावठिकाणा सांगितला. सहकाऱ्यांनीच त्याला शोधावं, सहकाऱ्यांनीच धरून द्यावं, हे सगळं त्याच्याच खात्याच्या रिवाजाप्रमाणे झालं. मार्चच्या सुरुवातीला जनता न्यायालयाने शिक्षा सुनावली. रशियन तोफा तेव्हा बर्लिनपासून फार लांब नव्हत्या.

इथे चरित्र संपतं, पण पुस्तक संपत नाही, आणि लेखकाने ते तिथे संपवलं नाही हे मला विशेष आवडलं. कारण नेबेचं खरं रूपांतर मेल्यावर झालं. 1933 पासूनचा त्याचा मित्र हान्स बेर्न्ड गिझेव्हियस स्वित्झर्लंडला निसटला, न्यूरेंबर्गमध्ये साक्षीला उभा राहिला आणि 1946 मध्ये त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यात नेबे दिसतो तो नाइलाजाने नरकात उतरलेला, आतून पोखरलेला, बातम्या पोचवता पोचवता झिजलेला. आठवणी वाचनीय आहेत, माणूस मित्राशी इमानदार आहे. पण मिन्स्कचे चार-पाच महिने त्यात इतक्या चटकन उरकले जातात की वाचकाने तिथे थांबून पान पुन्हा वाचावं. गिझेव्हियसने 1966 मध्ये नेबेवर दुसरं पुस्तक लिहिलं, तोवर तो जिवंत आहे, अमक्या देशात दिसला, अशाही वावड्या उठून गेल्या होत्या.

मित्राचं प्रेम समजण्यासारखं आहे. खात्याचं प्रेम जास्त हिशेबी होतं. 1949-50 मध्ये ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकात नेबेच्या नावाने क्रिपोची एक लांबलचक लेखमाला चालली. लिहिणारा बेर्न्ड वेहनर, हिटलरच्या मुख्यालयातल्या बॉम्बच्या तपासाला गेलेल्यांपैकी एक. लेखमालेचा सूर असा की क्रिपो म्हणजे निष्णात, कष्टाळू, राजकारणापासून चार हात लांब असलेल्या तपास अधिकाऱ्यांचं खातं. त्यांचा साहेब थोडा घसरला, पण शेवटी त्याने हुतात्म्याचं मरण पत्करलं. पश्चिम जर्मनीला तेव्हा अनुभवी पोलीस हवे होते आणि अनुभव कुठून आला हे विचारायला कोणी तयार नव्हतं. साहेब फासावर गेलेला असणं या सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. फाशी नाझींनी दिली होती, म्हणजे साहेब नाझीविरोधी, म्हणजे खातं नाझीविरोधी. वेहनर पुढे ड्युसेलडॉर्फच्या क्रिपोचा प्रमुख झाला. नेबे युद्धानंतर जिवंत असता तर सागानच्या पन्नास वैमानिकांसाठी 1947 मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिशांनी चालवलेल्या खटल्यात त्याचं नाव यादीत वरचं असतं, आणि तिथे कार्डांबद्दल त्याला प्रश्न विचारले गेले असते. ते झालं नाही. मिन्स्क आणि मोगिलेव्हबद्दल जे काही न्यायालयात उमटलं ते खालच्या माणसांच्या तोंडून: विडमनला 1967 मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा दिली.

1951 मध्ये पश्चिम जर्मनीचं केंद्रीय गुन्हे पोलीस कार्यालय सुरू झालं, तेव्हा वरच्या जागा मोठ्या प्रमाणात जुन्या क्रिपोतल्या आणि एस.एस.मधल्या अधिकाऱ्यांनी भरल्या. त्याची उभारणी करणाऱ्यांत पाउल डिकॉप्फ अग्रभागी. तोही तिशीच्या दशकात क्रिपोत शिकलेला, एस.एस.चा अधिकारी, युद्धाच्या मध्यावर मात्र तो स्वित्झर्लंडला पळाला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. 1965 मध्ये तो या कार्यालयाचा अध्यक्ष झाला. 1968 मध्ये इंटरपोलने त्याला आपला अध्यक्ष निवडलं, आणि नेबेची जुनी खुर्ची 1972 पर्यंत त्याच्याकडे होती.